प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा

॥ श्री ॥

श्रींच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांची रांग पहाटेच्या काकड आरतीपासून लागते. त्या रांगेत शेतकरी असतो, गिरणीतून निवृत्त झालेला कामगार असतो, परगावाहून मुलाबाळांसह आलेली सुवासिनी असते. आणि प्रयोगशाळेत डोळे शिणविणारा संशोधक अथवा रात्रपाळी संपवून थेट आलेला वृत्तपत्राचा उपसंपादकही असतो. देवापुढे कोणी कोणाचा व्यवसाय विचारीत नाही. तथापि दर्शन आटोपून सभामंडपात विसावलेल्या मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे हे शिकलेले लोक मनापासून देव मानतात काय?

या प्रश्नाला प्रवचनांतून व पुस्तिकांतून बहुधा एक ठरीव उत्तर मिळते. पाच-सात थोर शास्त्रज्ञांची नावे घेतली जातात, त्यांच्या तोंडी काही वचने घातली जातात, आणि एवढ्या मोठ्या माणसांनी जिथे मान तुकविली तिथे इतरांची काय कथा, असा समारोप होतो. आइन्स्टाइन यांचे नाव या यादीत सहसा चुकत नाही. वस्तुतः माणसाच्या सुखदुःखात लक्ष घालणारा आणि प्रार्थनेला उत्तर देणारा देव आपण मानत नाही, हे त्यांनी अनेकदा स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. विश्वाच्या सुसंगत रचनेविषयी त्यांना वाटणारा आदर ही निराळी गोष्ट. थोरांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेली वचने घालणे म्हणजे देवाच्या दारात असत्य बोलणेच होय. शिवाय ज्याला श्रीचरणी शांती लाभली, त्याला दुसऱ्याचे प्रशस्तिपत्र हवे कशाला?

खरा विचार करावयाचा तो वेगळ्या गोष्टीचा. विचारणे हेच ज्यांचे काम, त्यांच्या अंतःकरणात वंदनाला जागा कशी होते? शास्त्रज्ञ निसर्गाला विचारतो, पत्रकार राजालाही विचारतो आणि प्रजेलाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला ज्ञान मिळविण्याचे तीन मार्ग एका श्लोकात सांगितले आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रणिपात म्हणजे नम्र होऊन केलेले वंदन, सेवा म्हणजे दुसऱ्यासाठी झिजणे. या दोहोंच्या मधोमध भगवंतांनी प्रश्नाला बसविले आहे. आणि तोही साधा प्रश्न नव्हे, परिप्रश्न, म्हणजे सर्व बाजूंनी विचारलेला. श्रद्धावानालाच ज्ञान मिळते हे सर्वांना पाठ असलेले वचन याच अध्यायात, पण यानंतर पाच श्लोकांनी येते. प्रश्न आधी आला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वतः अर्जुनाने गीतेत जागोजागी शंका काढल्या आणि भगवंत एकदाही ‘विचारू नकोस’ असे म्हणाले नाहीत.

मराठी भाषेनेही या दोन गोष्टींत भिंत उभी केलेली नाही. धर्मग्रंथ तेही शास्त्र आणि पदार्थविज्ञान तेही शास्त्र. एक जाणणारा तो शास्त्री, दुसरे जाणणारा तो शास्त्रज्ञ. ही दोन्ही पदे, आणि तिसरे वृत्तपत्रकाराचे, एकाच देहात नांदली ती बाळशास्त्री जांभेकरांच्या ठायी.

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पोंभुर्ले या गावी १८१२ साली जन्मलेल्या बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापणारे ते पहिले मराठी वृत्तपत्र. ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. हेच बाळशास्त्री एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवीत. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांनी पाहिले. जुने शिलालेख आणि ताम्रपट ते वाचीत, मुलांसाठी गणित-भूगोलाची पुस्तके लिहीत. आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम शिळाछापावर छापून काढली तीही त्यांनीच. तोवर साडेपाचशे वर्षे ज्ञानेश्वरी हाताने नकला करीत जपली जात होती. एका गणितज्ञ पत्रकाराच्या हातून ती छापखान्यात गेली आणि ज्यांच्या घरी पोथी नव्हती त्यांच्याही हाती येण्याची वाट मोकळी झाली.

या माणसाला कोणी ‘तुम्ही शास्त्र मानता की देव?’ असे विचारले असते, तर प्रश्नच कळला नसता. मात्र त्यांची धर्मनिष्ठा म्हणजे होयबापणा नव्हता. १८४३ साली मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या एका अल्पवयीन ब्राह्मण मुलाला परत स्वधर्मात घ्यावे म्हणून ते उभे राहिले, तेव्हा कर्मठांनी त्यांनाच वाळीत टाकण्याची भाषा केली. विधवाविवाहासारखे विषय त्यांच्या ‘दर्पण’मध्ये चर्चिले जात. १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे निधन झाले. ज्ञानेश्वरी छापून तेव्हा पुरते एक वर्षच उलटले असेल.

पुढच्या पिढीत हेच दोन प्रवाह दोन माणसांत विभागले गेले. ‘केसरी’ निघाला ४ जानेवारी १८८१ रोजी, आणि त्याचे पहिले संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. लोकमान्य टिळक त्यांचे सहकारी. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. टिळक गणिताचे अध्यापक, आणि देवावर गाढ श्रद्धा असलेले. आगरकर बुद्धिवादी, ईश्वर आहे की नाही हे माणसाला कळणे शक्य नाही, असे मानणारे. पुढे दोघांचे बिनसले, आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यातल्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर त्यामुळे डगमगले नाहीत. मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, असे त्यांनी तरुणपणीच आपल्या आईला कळविले होते, आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ते वचन त्यांनी पाळले. देव न मानणाऱ्या या माणसाची निःस्पृहता अनेक कपाळभर गंध लावणाऱ्यांना साधलेली नाही, एवढे भाविकांनी मोकळ्या मनाने मान्य करावे. त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला.

टिळकांची श्रद्धा दिसली ती जुलै १९०८ मध्ये. ‘केसरी’तील लेखांबद्दल मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि पंचांनी त्यांना दोषी ठरविले. तेव्हा त्यांनी न्यायासनापुढे शांतपणे सांगितले की, माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य ठरविणारी न्यायालयाहून वरिष्ठ अशी शक्ती आहे आणि आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या यातनांनीच हाती घेतलेले कार्य पुढे जावे, अशी कदाचित तिची इच्छा असेल. ते शब्द आज त्याच न्यायालयात शिळेवर कोरलेले आहेत. एका पत्रकाराने आपल्या लेखणीची किंमत मोजताना उच्चारलेले हे उद्गार आहेत. सभेत टाळ्या घेण्यासाठी केलेले भाषण नव्हे. सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. गीतेवरचा हा ग्रंथ पूर्वाचार्यांच्या मतांना वंदन करतो आणि लगेच त्यांना प्रश्नही विचारतो.

पण टिळकांच्या श्रद्धेचा एक पैलू त्याहून कमी सांगितला जातो, आणि उपवास-व्रते करणाऱ्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. तो म्हणजे पंचांग. एकादशी कोणत्या दिवशी, संक्रांत केव्हा, अधिक मास कोणता, हे पंचांग सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दिसू लागले की, जुन्या करणग्रंथांवरून काढलेले गणित आणि प्रत्यक्ष आकाशातील ग्रहांची स्थिती यांत फरक पडला आहे. ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्याच वेळी! शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या वेधांवरून गणिताचे ग्रंथ रचले. आणि टिळकांनी आग्रह धरला की, पंचांगातले गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळलेच पाहिजे. कोकणात आजही टिळक पंचांग मानणारी घरे आहेत. अधिक मासाच्या फरकामुळे एखाद्या वर्षी त्यांचा गणपती इतरांच्या एक महिना आधी बसतो आणि शेजारी गमतीने चौकशी करतात. गमतीचा भाग सोडला, तरी त्यामागची निष्ठा मोठी आहे. चंद्र-सूर्यांना साक्षी ठेवून व्रत करावयाचे, तर ते चंद्र-सूर्य कुठे आहेत हे नीट पाहून घेणे हाही पूजेचाच भाग होय.

स्वातंत्र्यानंतर हे काम पुढे नेले ते तर स्वतःला नास्तिक म्हणविणाऱ्या शास्त्रज्ञाने. ताऱ्यांच्या प्रकाशाचे रहस्य उलगडणारे समीकरण १९२० साली मांडणारे मेघनाद साहा हे १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. देशात तेव्हा सुमारे तीस निरनिराळ्या पद्धतींची पंचांगे चालत. समितीचा अहवाल १९५५ साली आला, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली आणि सणावारांच्या तिथी आधुनिक वेधांवरून देणारे राष्ट्रीय पंचांग निघू लागले. साहांनी वेद, पुराणे, सिद्धान्तग्रंथ बारकाईने अभ्यासले होते. त्यांनी सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. एका वृद्ध वकिलाने तरुण साहांना त्यांच्या संशोधनाविषयी विचारले, ते ऐकून घेतले आणि यात नवीन काय, हे सगळे वेदांत आहे, असे उत्तर दिले. वेदांत नेमके कोठे आहे, असे साहांनी नम्रपणे विचारताच वकीलमहाशयांनी सांगितले की, वेद आपण वाचलेले नाहीत. ही हकिकत वाचून रागावण्यापेक्षा वेदांची एखादी ऋचा समजून घेतली, तर वेदांचा अधिक सन्मान होईल.

ही चूक केवळ आपल्याकडे होते असे नाही. विश्व एका आदिबिंदूपासून विस्तारत गेले, या सिद्धान्ताचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील ख्रिस्ती धर्मगुरू होते. १९५१ साली खुद्द पोपमहाशयांनी एका भाषणात या शोधाने सृष्टिनिर्मितीच्या धर्मकथेला पुष्टी मिळते, असे सुचविले. लमेत्र यांना हे रुचले नाही. आपला सिद्धान्त उद्या चुकीचाही ठरू शकेल, श्रद्धेला त्याचा टेकू देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी आपले म्हणणे योग्य त्या मार्गाने पोहोचविले, आणि पुढच्या वर्षीच्या खगोलशास्त्रज्ञांसमोरील भाषणात पोपमहाशयांनी तसे विधान टाळले. अंगावर धर्मगुरूचा झगा असलेल्या शास्त्रज्ञाची ही सावधगिरी आपल्याकडील वक्त्यांनीही अंगी बाणवावी अशी आहे.

दक्षिणेतील श्रीनिवास रामानुजन यांची कथा भाविकांना विशेष प्रिय. नामक्कलची नामगिरी देवी हे त्यांचे कुलदैवत. देवी स्वप्नात सूत्रे दाखविते, असे ते म्हणत, अशी आठवण त्यांच्या स्नेह्यांनी नोंदवून ठेवली आहे. समुद्रपर्यटनास कुटुंबाचा विरोध होता तो आईला पडलेल्या देवीच्या स्वप्नानंतर मावळला आणि १९१४ साली ते केंब्रिजला गेले, हेही सांगितले जाते. येथवर कथा सर्वजण सांगतात. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९१३ च्या जानेवारीत रामानुजन यांचे सूत्रांनी भरलेले पत्र हार्डी यांना मिळाले. त्यांनी आपले मित्र लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे तपासली. काही आधीच ठाऊक असलेली निघाली, काही थक्क करणारी निघाली, आणि मूळ संख्यांविषयीचे रामानुजन यांचे दावे मात्र चूक ठरले. देवीच्या भक्ताने मांडलेले म्हणून त्यातले एकही सूत्र तपासल्यावाचून स्वीकारले गेले नाही, आणि गुलामदेशातील कारकुनाने पाठविलेले म्हणून एकही फेकून दिले गेले नाही. रामानुजन यांच्या वह्यांतील तीन हजारांहून अधिक विधानांच्या सिद्धता पुऱ्या करण्यात ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे घालविली; त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. हार्डी स्वतः नास्तिक. रामानुजन यांना सर्व धर्म कमी-अधिक सारखेच खरे वाटत, असे त्यांचे मत होते. घरच्यांच्या आठवणी त्याहून वेगळे सांगतात. रामानुजन यांच्या मनात काय होते, हे ते आणि त्यांची नामगिरी जाणोत. त्यांचे गणित मात्र सर्वांसाठी खुले आहे.

आपल्या काळात हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो अंतराळयान उडण्याच्या सुमारास. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून झेपावले. आदल्या दिवशी इस्रोचे काही शास्त्रज्ञ यानाची लहानशी प्रतिकृती घेऊन तिरुमला येथे श्रीव्यंकटेशाच्या दर्शनास गेले होते. त्यावर काहींनी टीका केली, काहींना अभिमान वाटला. शास्त्रज्ञांतही याविषयी एकमत नाही. २००७-०८ च्या सुमारास भारतातील १३० संस्थांमधील सुमारे ११०० शास्त्रज्ञांना धर्मविषयक प्रश्न विचारले गेले, तेव्हा अशा देवदर्शनाबाबत त्यांची मते दुभंगलेलीच दिसली.

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. २०१९ साली चंद्रयान-२ च्या आधीही इस्रोच्या अध्यक्षांनी तिरुमला येथे दर्शन घेतले होते, आणि तरीही ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम अवतरक चंद्रावर कोसळला. देव कोपला, असे शास्त्रज्ञांनी म्हटले नाही. देव नाहीच, असाही निष्कर्ष काढला नाही. ते कामाला बसले. नेमके कोठे चुकले ते शोधले. यानाचे पाय मजबूत केले, इंधन वाढविले, वेग मोजणारे नवे उपकरण बसविले. उतरण्यासाठी पूर्वी अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन निवडला होता, तो वाढवून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केला. आणि मग पुन्हा दर्शनाला गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरला.

दुसऱ्यांदा दर्शनाला जाणाऱ्यांच्या मनात ‘मागच्या वेळी देवाने दिले नाही’ अशी तक्रार असती, तर ते देवदर्शन न होता दुकानातील व्यवहार झाला असता. देवस्थानास दान देणाऱ्या सद्भक्तांनाही हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल. पावती मिळते ती दिलेल्या रकमेची. फळाची पावती कोणतेही देवस्थान देऊ शकत नाही, आणि देत असेल तर भाविकांनी तेथून दोन पावले मागे सरावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचेही सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. श्रद्धा आहे एवढ्यावर भगवंत थांबलेले नाहीत. ती कोणत्या जातीची आहे, हे त्यांनी विचारावयास लावले आहे.

केरळातील थुंबा येथील गोष्टही येथे स्मरणीय आहे. रॉकेट सोडण्यासाठी हवी असलेली जागा नेमकी मच्छीमारांच्या वस्तीत आणि सेंट मेरी मॅग्डलिनच्या चर्चच्या परिसरात होती. विक्रम साराभाई तेथील बिशपांकडे गेले. बिशपांनी तो विषय उपासनेसाठी जमलेल्या लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी संमती दिली, अशी आठवण डॉ. अब्दुल कलाम सांगत असत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. चर्चच्या इमारतीत कचेरी आणि कार्यशाळा थाटली गेली. साराभाई जैन, कलाम मुसलमान, बिशप ख्रिस्ती, आणि गाव कोळ्यांचे.

आता ज्या प्रसंगी शास्त्रज्ञ, पत्रकार आणि देवस्थाने या तिघांचीही एकाच दिवशी परीक्षा झाली, त्याकडे वळावे. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो, ही वार्ता पहाटे दिल्लीत उठली आणि दूरध्वनीवरून दुपारपर्यंत देशभर, सायंकाळपर्यंत लंडनपर्यंत गेली. देवळांपुढे मैल-मैल रांगा लागल्या, कचेऱ्या ओस पडल्या, दुधाचे भाव चढले. चमच्यातले दूध सोंडेला लागताच खाली उतरत होते, हे खरेच होते. लाखोंनी ते पाहिले. शासनाच्या विज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी देवळात जाऊन दुधात रंग मिसळला. तेव्हा दिसले की, पृष्ठताणामुळे दुधाचा थेंब ओल्या मूर्तीकडे ओढला जातो आणि पातळ पडद्यासारखा मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नाही. रंग मिसळताच दिसते. इकडे देवळांच्या मागची गटारे दुधाने वाहत होती, आणि ती मात्र रंगावाचूनही दिसत होती.

त्या दिवशी काही वार्ताहरांनी रांगेत उभे राहून चमचा धरला आणि ‘देव दूध प्यायला’ असे छापले. काहींनी चमचा धरला आणि मूर्तीच्या पायाशी काय साचले आहे, ते वाकून पाहिले. दोघेही श्रद्धाळू असू शकतील. फरक एवढाच की, दुसऱ्याने वाकून पाहिले. आणि देवापुढे वाकण्याची सवय तर प्रत्येक भाविकाला असतेच.

अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. सर्व धर्मांचे लोक बाटल्या घेऊन धावले, लहान मुलांना ते पाणी पाजले गेले. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी खाडीत मोठ्या प्रमाणात येऊन क्षारता कमी झाली आहे आणि हे पाणी दूषित आहे, असे तज्ज्ञ व महापालिका सांगत होती. त्यापाठोपाठ दोन दिवसांत मूर्ती दूध पीत असल्याची वार्ताही पुन्हा फिरली. येथे प्रश्न आस्तिक-नास्तिकांचा उरलेला नव्हता. मुलाच्या पोटात गटाराचे पाणी जाते आहे की नाही, याचा होता. ज्या पत्रकाराने आधी पाण्याच्या तपासणीचा निकाल विचारला आणि मग बातमी दिली, त्याने त्या दिवशी कोणत्याही पुजाऱ्याइतकीच देवाची सेवा केली.

श्रद्धा आणि चौकशी यांचा झगडा एका संपादकाने स्वतःच्याच पत्रात कसा होऊ दिला, याचे उदाहरण १९३४ सालचे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसे दगावली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यता निवारणासाठी दक्षिणेत दौरा करीत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना हे अत्यंत खटकले. भूकंपाची कारणे भौतिकच असतात. आणि हाच युक्तिवाद उलटवून, गांधींच्या सुधारणांमुळे देव कोपला, असे त्यांच्या विरोधकांनी म्हटले तर काय उत्तर देणार, असा रवींद्रनाथांचा रोकडा प्रश्न होता. गांधीजींनी तो लेख दडपला नाही. १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी तो छापला आणि सोबत आपले उत्तर दिले. आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही. भूकंपाच्या कारणापुरते पाहिले तर रवींद्रनाथांचेच म्हणणे बरोबर होते, आणि भाविकाला हे मान्य करण्यात कोणताही संकोच वाटू नये. मात्र वाचकांपुढे दोन्ही बाजू ठेवणारा संपादक स्वतः कट्टर श्रद्धावान होता, हेही तितकेच खरे.

मार्चमध्ये गांधीजी बिहारला गेले. भूकंपानंतर दोनच दिवसांनी तुरुंगातून सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतकार्य पाहत होते आणि देशभरातून देणग्या येत होत्या. या निधीचा हिशेब ठेवण्यासाठी जे. सी. कुमारप्पा यांना बोलावण्यात आले. ते धर्माने ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबनीस. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणास तीन आणे, असा दर त्यांनी ठरविला आणि प्रत्येक खर्चाला कागद मागितला. गांधीजी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी पाटण्यास आली, तेव्हा त्यांच्या जेवणाखाण्याचा व मोटारीच्या पेट्रोलचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळविले. गांधीजींनी कारण विचारले. हा पैसा लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे, दुसऱ्या कशासाठी नाही, असे उत्तर मिळाले. गांधीजींना ते पटले, आणि त्यांच्या मंडळींचा खर्च निधीवर पडला नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥